मे महिन्यात कुत्र्याला घेऊन पुणे ते मालवण: जेवायला थांबलो की त्याला गाडीत कसं ठेवायचं?

भुऱ्याची_आई

नमस्कार मंडळी. आधी असा धागा असेल तर तिकडे हाकला, मला शोधून सापडला नाही.

मे च्या दुसऱ्या आठवड्यात मालवणला सासरी जायचंय, आम्ही दोघं, सासूबाई, ७ वर्षांची लेक आणि भुऱ्या. भुऱ्या म्हणजे आमचा लॅब, ८ पूर्ण झाली, वजन ३६ किलो (हो माहितीये, व्हेट पण ओरडतात). गेल्या वर्षापर्यंत त्याला नणंदेकडे ठेवायचो पण आता तिच्याकडे बाळ आहे. गाडी अर्टिगा. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असं जाणार.

प्रॉब्लेम असा की वाटेत एकही हॉटेल कुत्रा आत घेत नाही, आणि आमच्या ह्यांचं कोल्हापुरात तांबडा-पांढरा खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही असं लग्नाच्या आधीपासूनचं व्रत आहे. तर तेवढा वेळ, २०-२५ मिनिटं समजा, भुऱ्याला गाडीत ठेवायचं तर काय काय घ्यावं? ऑनलाइन काचेत अडकवायचा सोलर फॅन दिसला, जेलवाली थंड गादी दिसली, यूएसबीवरचे पंखे आहेत, काचेच्या जाळ्या आहेत. कोणी वापरलंय का यातलं काही? हे म्हणतात एवढे पैसे कशाला, काचा चार बोटं खाली घ्यायच्या, सावलीत लावायची, झालं.

---

ठसका

ठेवायचं नाही. संपला विषय.

---

पगवाली_साताऱ्याची

ठसका, बरोबर आहे तुमचं पण एवढं तोडून सांगितलं की माणूस धागा बंद करतो आणि जे करायचं तेच करतो. मी पण असंच केलं होतं म्हणून लिहिते.

आमची पग आहे, चिंगी. ३ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, मे नाही हां, फेब्रुवारीत, मामेबहिणीचं लग्न. कार्यालयात कुत्री चालत नाहीत म्हणून गाडी चिंचेखाली लावली, चारी काचा चार बोटं खाली, वाटीत पाणी, म्हटलं अक्षता टाकून आलेच. आता लग्नात अक्षता टाकून कोण लगेच येतं? मामींनी धरलं, फोटोला उभं केलं, भटजींची मंगलाष्टकं दोन जास्तीची. पाऊण तास नाही, जेमतेम अर्धा तास झाला असेल. येऊन बघते तर सावली सरकून शेजारच्या गाडीवर गेलेली. पाण्याची वाटी उपडी. चिंगी मागच्या सीटच्या खाली पाय ठेवायच्या जागेत घुसून पडलेली, तोंडातून लाळ म्हणजे चिकाच्या तारा असतात तशी जाड, जीभ बाहेर आणि टोकाला पसरट झालेली, हिरड्या बिटासारख्या लाल. उचललं तर मान टाकली.

नशीब की केटररचे पाण्याचे २० लिटरचे जार तिथेच रांगेत होते. कोणाला विचारलं नाही, एक अख्खा जार तिच्यावर ओतला, माझी पैठणी वगैरे गेली त्यात. मग दुसरा. एका काकांनी पत्रावळींचा गठ्ठा घेऊन वारा घातला. मग दवाखाना. दुसऱ्या दिवशी शी मधून रक्त पडलं, तीन दिवस सलाईन, किडनीच्या टेस्ट दोनदा. वाचली. पण तेव्हापासून ती गाडीत बसायला मागत नाही, आणि मी कोणत्या तोंडाने रागवू तिला.

त्यामुळे ताई, 'फक्त २०-२५ मिनिटं' हे वाक्यच डेंजर आहे. कोल्हापुरात रविवारी टेबल मिळायलाच २० मिनिटं लागतात.

---

गावाकडचा_गडी

राग मानू नका पण शहरात कुत्र्यांचे जरा जास्तच लाड चाललेत. आमच्याकडे फलटणला ४२ मध्ये कुत्री बाहेरच असतात, कुणाला काय होत नाही.

---

आकडेमोड

गडी भाऊ, तुमचं कुत्रं दुपारी कुठे बसतं ते एकदा नीट बघा. रांजणाच्या खाली जिथे पाणी झिरपून माती ओली असते तिथे पंजाने खड्डा करून पोट टेकून पसरतं, ऊन आलं की उठून गोठ्यात जातं, तिथे गरम झालं की मोरीत. दिवसात दहा वेळा जागा बदलतं. तीच त्याची अक्कल आणि तोच त्याचा एसी. गाडीत कोंडलं की हे सगळं काढून घेतलं ना आपण.

आता मूळ प्रश्नाबद्दल. काचेतून ऊन आत येतं, डॅशबोर्ड, सीट, स्टिअरिंग तापतं, ते आतली हवा तापवतं आणि ती हवा बाहेर जाऊ शकत नाही. २००५ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हे मोजलं होतं, लहान मुलं गाडीत राहून दगावतात म्हणून. १६ वेगवेगळे उन्हाचे दिवस घेतले, बाहेर साधारण २२ पासून ३५-३६ सेल्सिअसपर्यंत. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ डिग्रीने वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच. म्हणजे बाहेर छान गुलाबी २४ असताना पण आत चाळिशी पार. आणि हे महत्त्वाचं, काच दीडेक इंच खाली ठेवून पण बघितलं, जवळजवळ काहीच फरक पडला नाही. आधी एसी लावून गाडी गार करून ठेवली तरी फक्त पाचेक मिनिटं उशिरा तापली, बास. तुमच्या ह्यांना हे वाचून दाखवा, चार बोटांचा हिशोब संपला.

तरी पटत नसेल तर स्वस्तातला प्रयोग. एप्रिलच्या दुपारी १ वाजता सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये स्वेटर घालून मागच्या सीटवर बसायचं, काचा चार बोटं, एसी बंद, फोनवर टायमर. मी बसलो होतो, ९ मिनिटांत बाहेर आलो आणि मला तर घाम येतो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गादीपुरता काय तो. त्याचं सगळं धापेवर चालतं, जिभेवरचं पाणी उडून अंग गार होणार. कोंदट गाडीत ते पाणी उडायलाच तयार नसतं, वर तो धापा टाकून अजून दमट करतो.

---

नागपुरी_संत्रा

गादी, पंखे सगळं घेऊन बसलो आहे बाप्पा, म्हणून सांगतो.

यूएसबी पंखा: आतली ४५ ची हवा तोंडावर मारतो. लू घरपोच.
सोलर फॅन: काचेत बसवायला काच उघडी ठेवावी लागते, फट राहते, आणि जोर एवढा की अगरबत्तीचा धूर पण नीट ओढत नाही. पैसे पाण्यात.
जेल गादी: घरी फरशीवर बरी. तिच्यात काही बर्फ नसतो, ती अंगाची गरमी ओढते आणि थोड्या वेळाने स्वतः गरम होते. तापलेल्या गाडीत ती आधीच गरम होऊन बसलेली असते.
ओलं करून घालायचं जॅकेट: हे आमच्याकडे मस्त चालते. कूलरसारखंच ना ते, पाणी उडते आणि गार वाटते. पण मुंबई-कोकणात कूलर काहून चालत नाही? हवा आधीच ओली. तसंच जॅकेट. सातारा-कराडपर्यंत कामाचं, घाट उतरला की नुसतं ओलं फडकं. आणि बंद गाडीत कुठेच नाही.
समोरच्या काचेला लावायचा चांदीचा पडदा: हा घ्याच. कुत्र्याला आत ठेवायसाठी नाही, परत आल्यावर सीटवर बसता यावं म्हणून.

काळी फिल्म लावू नका, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केली तेव्हापासून आमच्याकडे पोलिसांचा आवडता टाइमपास आहे तो.

---

लॉंग_ड्राइव्ह

एक साधा उपाय कोणीच कसा सांगत नाहीये? एसी चालू ठेवून गाडी लॉक करा. दुसरी किल्ली असतेच की.

---

कायद्याचं_बोला

दुसरी किल्ली नेहमी घरीच राहिलेली असते हा वेगळा मुद्दा :)

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६: ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस नसेल तर सार्वजनिक जागी गाडी उभी करताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे. म्हणजे गाडी चालू सोडून सगळे जेवायला गेले की तिथेच नियम मोडला. पण दंडाचं सोडा, मला भीती वेगळी वाटते. इंजिन बंद पडलं किंवा काही कारणाने कॉम्प्रेसर ट्रिप झाला तर पंखा गरम हवा फेकत राहतो आणि काचा पूर्ण बंद, म्हणजे चार बोटांपेक्षा वाईट. काही पुश बटणवाल्या गाड्या किल्ली लांब गेली की ठराविक वेळाने आपोआप बंद होतात. आमच्या मित्राच्या जर्मन शेफर्डने तर खिडकीत पाय देताना दाराचं लॉक बटण दाबलं, गाडी चालू, किल्ली आत, साहेब आत, आणि हा बाहेर चहाचा कप घेऊन. गॅरेजवाला येईपर्यंत ४० मिनिटं. एसी चालू होता म्हणून निभावलं. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटच्या कोपऱ्यात इंजिन चालू ठेवणं तर अजिबात नको, धुराचा गॅस.

आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास! कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्याची जास्तीची वाटी पण येईल की नाही शंका आहे. त्यामुळे कायद्याच्या धाकाने कोणी सुधारेल ही आशा ठेवू नका.

दुसऱ्याचं कुत्रं असं अडकलेलं दिसलं तर गाडीचा नंबर घेऊन मॅनेजरला माइकवर पुकारायला लावा, लग्नात असेल तर सरळ स्टेजवरचा माइक घ्या. जमलं नाही तर ११२.

---

बे_एरियातला_बंड्या

इकडे कॅलिफोर्नियात २०१७ पासून कायदाच आहे, कुत्र्याच्या जिवाला धोका दिसत असेल, दार लॉक असेल, तर आधी पोलिसांना वगैरे फोन करून मग काच फोडली तर फोडणाऱ्यावर केस होत नाही. पार्किंगमध्ये लोक दुसऱ्यांच्या गाड्यांत डोकावत फिरतात, भोचकपणाला इतकी राजमान्यता मी पहिल्यांदाच बघितली.

टेस्लात डॉग मोड आहे २०१९ पासून, इलेक्ट्रिक असल्यामुळे इंजिनाची भानगड नाही, एसी चालू राहतो आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात येतं की मालक येतोय, आत तापमान इतकं इतकं, म्हणजे कोणी काच फोडू नये. मी वापरतो पण फोनवर सारखं बघत बसतो, चार्जिंग २० टक्क्यांच्या खाली आलं की फोनवर सूचना येते, की या आता. म्हणजे शेवटी जेवताना लक्ष गाडीकडेच. ताईंची अर्टिगा आहे त्यामुळे हे नुसतंच माहितीसाठी.

---

दवाखान्यातली_दीदी

मी डॉक्टर नाही, प्राण्यांच्या दवाखान्यात ६ वर्षं असिस्टंट आहे. एप्रिल-मे मध्ये हीटस्ट्रोकच्या केस येतात त्यात पग, बुलडॉग, शित्झू असे चपट्या नाकाचे जास्त, आणि त्यांच्या मागोमाग म्हातारे, जाड लॅब. ८ वर्षांचा ३६ किलोचा लॅब म्हणजे ताई, दोन्ही खाने भरले. लॅबला वयाबरोबर घशाचा त्रास पण होतो, श्वासाला घर्रर्र असा आवाज येतो का, भुंकणं बदललंय का ते बघा. असेल तर निघायच्या आधी व्हेटना दाखवा, असं कुत्रं नुसत्या उकाड्यात पण अडकतं.

कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे १०२ बघून घाबरू नका. १०४ च्या पुढे काळजी, १०६ च्या आसपास आत अवयव शिजायला लागतात. ५० रुपयांचा वेगळा थर्मामीटर घ्या, त्याच्यावर पेनने 'भुऱ्या' लिहा. का ते सासूबाईंना समजावून सांगा, शेपटीखालून मोजतात.

झालंच काही तर क्रम असा, आधी गार करा, मग दवाखाना. लोक उलटं करतात, गरम कुत्रं तसंच गरम गाडीत टाकून ट्रॅफिकमधून आणतात आणि आमच्या दारात येईपर्यंत खेळ संपलेला असतो. सावलीत न्या, नळाचं, बाटलीचं, कसलंही गार पाणी अंगावर ओतत राहा, पोट, काखा, जांघा, मान, नुसते पाय नाही. आणि वारा घाला, वाऱ्याशिवाय अर्धं काम वाया. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, दोन मिनिटांत तो गरम होऊन गोधडी होते, ठेवायचाच तर अंगाखाली. बर्फ शोधत फिरू नका. शुद्धीत असेल आणि स्वतः पीत असेल तर पाणी द्या, तोंड उघडून ओतू नका, फुप्फुसात जातं. १०३.५ ला आलं की ओतणं थांबवा नाहीतर उलट जास्त गार पडतं.

आणि उठून शेपटी हलवली तरी दवाखान्यात न्यायचंच. किडनी, आतडी, रक्त गोठणं यांचे घोळ दुसऱ्या तिसऱ्या दिवशी वर येतात. पगवाली ताईंनी लिहिलंच आहे.

अजून एक, चालू गाडीबद्दल कोणी बोललंच नाही. अर्टिगात मागची शेवटची सीट पाडून तिथे कुत्रं ठेवतात लोक, पण बऱ्याच अर्टिगांत छतावरचे एसीचे झोत मधल्या रांगेला आहेत, मागे डिकीच्या काचेतून ऊन आणि गार हवा पोचते कमी. त्याला मधल्या सीटवर घ्या, लेकीला कडेला. हार्नेस घालून सीटबेल्टला, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. खिडक्यांची बटणं लॉक.

---

कुडाळ_कट्टा

आमच्या भागात येताय म्हणून. मे महिन्यात सावली बघून गाडी फणसाखाली लावू नका. हसू नका, गेल्या साली भावोजींच्या बॉनेटवर बारा किलोचा कापा पडला, इन्शुरन्सवाल्याला काय सांगायचं सुचेना. नारळाखाली तर नकोच. आंबा, वड, चिंच चालेल.

पहाटे ४ ला पुणं सोडा, साडेआठ-नऊला कोल्हापूर, दाजीपूरच्या जंगलाच्या बाजूला हवा जरा बरी असते तिथे भुऱ्याला पाय मोकळे करू द्या, दोनच्या आत घरी. डांबरावर उतरवायच्या आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर त्याला पण बसतो. दर दोन तासांनी थोडं थोडं पाणी, एकदम तांब्याभर नको, घाटात उलटी करील. निघताना पोटभर खायला पण नको.

जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा टोल फ्री नंबर सेव्ह करा, मुख्य काम गुराढोरांचं असलं तरी जवळचा सरकारी दवाखाना कुठे ते कळतं. आणि ट्रेनचा विचार असेल तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घेतला तरच, गार्डच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत मे मध्ये कोकण रेल्वेला नको रे बाबा.

---

भुऱ्याची_आई

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पगवाली, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, भुऱ्याला दोनदा उठून बघून आले, तो घोरत होता (दीदी, हे घोरणं म्हणजे ते घर्रर्र नाही ना? शनिवारी व्हेटकडे जातेच आहे).

ह्यांना स्टॅनफर्ड वाचून दाखवलं, 'ते अमेरिकेतलं ऊन' म्हणाले. मग स्वेटरचा प्रयोग सुचवला. रविवारी दुपारी बसले, ईर्षेने. ६ मिनिटं. बाहेर येऊन काही बोलले नाहीत, सरळ नळाखाली डोकं घातलं. सोलर फॅन कार्टमधून काढला.

ठरलं असं की दोन पाळ्यांत खायचं. एक पाळी आत, दुसरी पाळी झाडाखाली भुऱ्याबरोबर, नाहीतर एसी चालू आणि ड्रायव्हर सीटवर लायसन्सवालं माणूस, म्हणजे मी किंवा हे, सासूबाई नाही. पहाटे निघायचं म्हणजे मटण थाळी उघडलेली नसणार, मिसळीवर भागवावं लागेल, ही बातमी अजून मी फोडलेली नाही.

---

भुऱ्याची_आई

पोचलो काल. थोडक्यात. ४ ठरवून ५ ला निघालो. साताऱ्याला सासूबाईंनी जाहीर केलं की मी हॉटेलात येतच नाही, माझे घरून आणलेले धपाटे मी झाडाखाली भुऱ्याबरोबर खाणार, तुम्ही निवांत जा. परत येऊन बघतो तर हॉटेलच्या मागच्या नळावरून तिथल्या पोऱ्याने आणून दिलेल्या बादलीत भुऱ्याचे पुढचे दोन पाय, सासूबाई वर्तमानपत्राने वारा घालतायत आणि दोघांच्या मध्ये धपाट्यांचा डबा रिकामा. धपाट्यांत लसूण होता, कुत्र्याला कांदा लसूण चालत नाही हे मी शंभर वेळा सांगितलंय, त्या म्हणतात एकच दिला. भुऱ्याच्या मिशांवरून एक वाटत नव्हता.

कोल्हापूरला हे आत मिसळ खायला गेले आणि मी गाडीत. ११ मिनिटांत परत आले, कट न घेता. फोंडा घाटात थोडी धाप लागली, मोजलं, १०२.४. दीदी, थर्मामीटरवर नाव लिहिलं होतं ते बरं झालं, लेक तोच घेऊन बाहुलीला ताप बघायला निघाली होती.

आता भुऱ्या विहिरीजवळच्या ओल्या मातीत खड्डा करून बसलाय, आणि सासूबाई विचारतायत की दुपारची सोलकढी थोडी द्यायची का त्याला. त्यात पण लसूणच आहे ना?

---

दवाखान्यातली_दीदी

आहे. देऊ नका. आणि धपाट्यांमुळे हिरड्या पांढरट किंवा लघवी लालसर, तपकिरी दिसते का ते चार-पाच दिवस बघा, तसं दिसलं तर लगेच दाखवा. साधा नारळ दोन तुकडे द्या हवं तर.